रोज रात्री टॉर्च लावून तीळ बघते, काय करू?

प्रश्न : मी इंदिरानगरला राहते, वय ३१. मोबाईलवर एका परदेशी बाईचा व्हिडिओ बघितला, तिचा साधा तीळ कॅन्सर निघाला, तेव्हापासून झोप उडालीये. माझ्या अंगावर वीस-पंचवीस तीळ आहेत. रोज टॉर्च लावून बघते, मिस्टरांना पाठीचे फोटो काढायला लावते. कॉलेज रोडच्या स्किनच्या डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं, सगळे नॉर्मल म्हणाले. चार दिवस बरं वाटलं, परत तेच सुरू. सासूबाई म्हणतात मानेवरचा मस दोरा बांधून पाडून टाक.

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे तो दोरा बांधू नका, चुना पण लावू नका. मानेवरचे लोंबते मस बहुतेक निरुपद्रवी असतात, पण दोऱ्याने जखम पिकते, आणि चुकून ते वेगळंच काही असलं तर तुकडा कचऱ्यात जातो, मग तपासणार काय?

मोठ्या माणसाच्या अंगावर १० ते ४० तीळ असणं अगदी कॉमन आहे. मेलॅनोमा हा तिळासारखा दिसणारा कातडीचा कॅन्सर गोऱ्या कातडीत जास्त, आपल्याकडे खूप कमी, आणि झालाच तर बऱ्याचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली, म्हणजे तुम्ही टॉर्च मारताय पाठीवर आणि तळपाय कोणी बघतच नाही! (तळपायाला तीळ असला की प्रवासयोग म्हणून आपण खूश.) दिंडोरीकडे द्राक्षबागेत राबणाऱ्या बायकांच्या टाचेच्या भेगांत काळं साचतं, ते वजरीने घासलं की निघतं, न निघणारा आणि पसरत जाणारा काळा डाग मात्र दाखवायचा. नखांवर काळसर पट्ट्या सावळ्या माणसांना दोन-चार बोटांना असतातच, पण एकाच नखावरची पट्टी रुंद होत चालली किंवा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला तर थांबू नका.

बाकी तिळांत बघायचं एवढंच की एक अर्धा दुसऱ्यासारखा नाही, कडा वेड्यावाकड्या, दोन-तीन रंग, ६ मिमीपेक्षा मोठा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदलतोय का. बाकीच्यांत न बसणारा एखादाच, रक्त येणारा किंवा चाळिशीनंतर नव्याने उगवलेला असेल तर लगेच जा. बायोप्सीने, म्हणजे तुकडा काढून तपासल्याने, कॅन्सर पसरतो हे खोटं आहे.

आता भीतीचं. बघितलं की दोन मिनिटं हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्याचीच सवय लागते, म्हणून परत बघावंसं वाटतं. महिन्याची एक तारीख ठरवा, अंघोळीनंतर दिवसाउजेडी बघा, शंका असलेल्या तिळाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, बास. मधल्या दिवसांत हात शिवशिवतील, पहिला आठवडा तर जीव नको होईल, पण ती लहर न बघताही ओसरते. मिस्टरांनी पण ‘काही नाही गं’ म्हणायचं बंद करायचं, ‘ठरलेल्या तारखेला बघू’ एवढंच. आणि ते व्हिडिओ येतील तसे ‘नॉट इंटरेस्टेड’ करत जा.

महिना-दीड महिन्यात झोप सुधारली नाही तर कौन्सेलरकडे जा, सीबीटी नावाची बोलण्याची ट्रीटमेंट या भीतीवर चांगली चालते. रात्री फारच घाबरायला झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि दर वेळी नवा डॉक्टर गाठू नका, ज्यांनी ते मशीन (डर्मोस्कोप) लावून बघितलंय त्यांच्याकडेच पुढच्या वेळी हे फोटो घेऊन जा, तळपायाचे पण.