फी भरताना गिटार सोडू नकोस
अरे कॉलेजच्या फीचं टेन्शन आलं म्हणून गिटार सोडू नकोस, मी पण पहिल्या वर्षी सोडणारच होतो. नवी घेऊच नको, सेकंडहँड बघ, फक्त घेताना 12व्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्यातल्या 12व्या पट्टीपाशी) तार दाबून वाजव, मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात लागला पाहिजे, नाही लागला तर सरळ तिथंच ठेवून ये. नायलॉनच्या तारांची मिळाली तर बेस्ट, बोटं कमी सोलतात. आणि लोन घेतलं असशील तर नीट विचारून घे की शिकताना पण व्याज चालू असतं का, बरेचदा असतं आणि नंतर ते मुद्दलात मिळवतात मग व्याजावर व्याज, म्हणून जमेल तसं नुसतं व्याज तरी आत्ताच भरत जा. पुस्तकं सीनियरकडून घे. वाजवायचं मात्र रोज, 20 मिनिटं का होईना, परीक्षेच्या दिवसांत पण.