कॉम्प्युटरसाठी सबवूफरवाला छोटा स्पीकर सेट घेताना नक्की काय बघायचं?

तुम्ही विचारलंय की १० बाय १२ ची खोली आहे, टेबलावर कॉम्प्युटर, बजेट ५ हजाराच्या आत, गाणी पिक्चर आणि थोडं गेमिंग, तर २.१ सेट (म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि खालचे जाड सूर वाजवणारी एक पेटी, सबवूफर) किती वॅटचा घेऊ. आधी सरळ उत्तर देतो, २५ ते ४० वॅट आरएमएस (सेट सतत देऊ शकतो ती ताकद) तुम्हाला पुरून उरेल, आणि तेवढं ठरलं की वॅट बघायचं सोडून द्या आणि त्या दोन छोट्या स्पीकरांकडे बघा, सबवूफरकडे त्यानंतर. हे उलटं वाटेल कारण दुकानात सगळेजण धमधम ऐकूनच सेट उचलतात, मीही तसाच उचलला होता आणि तीन वर्षं त्याच्यासोबत काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तो माझा पहिला सेट, कंपनीचं नाव घेत नाही, खोक्यावर मोठ्या लाल अक्षरात २२०० वॅट पीएमपीओ असं छापलेलं. घरी आणून जोडताना सबवूफर उलटा केला तर मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात लिहिलेलं, २३० व्होल्ट, ३० वॅट. म्हणजे भिंतीतून ३० वॅट घेणारी वस्तू, तिच्यातून २२०० वॅट बाहेर येणार कुठून? पीएमपीओ हा आकडा कुठल्याही ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला नसतो, क्षणभराचा काल्पनिक झटका धरून कंपनी वाट्टेल तेवढा लिहू शकते. आरएमएस म्हणजे सेट सतत जेवढं देऊ शकतो तेवढं, तोच आकडा बघायचा. खोक्यावर आरएमएस लिहिलेलाच नसेल तर तो सेट तिथंच ठेवून द्या, आणि शंका आली तर मागचं स्टिकर वाचा, ते सहसा खरं बोलतं.

आता या आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो. क्रिएटिव्हचा पेबल प्लस युएसबीवर चालतो आणि तो ८ वॅट आरएमएस आहे, टेबलाशी बसून एकट्यानं ऐकायला तेवढंही चालतं. लॉजिटेकचा झेड ३१३ म्हणजे २५ वॅट, त्यात १५ सबवूफरचे आणि ५-५ दोन स्पीकरांचे, झेड ३३३ म्हणजे ४० वॅट, आणि झेड ६२३ थेट २०० वॅट, त्यातले १३० नुसत्या सबवूफरचे, हा शेवटचा तुमच्या खोलीत तुम्ही पावपट पण उघडू शकणार नाही. दुसरं असं की वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतपत, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० पट वॅट लागतात. त्यामुळे ३० घेऊ का ४० यात डोकं घालू नका.

आता मुद्द्याचं. या छोट्या सेटमध्ये टेबलावरच्या स्पीकरांचा पडदा दीड-दोन इंचाचा असतो आणि एवढ्या पडद्याला खालचे सूर झेपतच नाहीत, म्हणून कंपनी काय करते तर साधारण १५०-२०० हर्ट्झच्या (हे सुराचं माप, आकडा जितका लहान तितका सूर खालचा) खालचं सगळं सबवूफरकडे ढकलते. ऐकायला ठीक वाटतं, पण पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे माणसाच्या आवाजाचा खालचा भाग तुमच्या पायाशी ठेवलेल्या पेटीतून येतो आणि उरलेला समोरून. माझ्या त्या सेटवर बातम्या लावल्या की निवेदक टेबलाखाली बसून बोलतोय असं वाटायचं, आणि मला कितीतरी दिवस कळेना की हे काय होतंय, मी आपला बास वाढव ट्रेबल कमी कर करत बसायचो. साधारण ८० हर्ट्झच्या खाली गेलं की आवाज कुठून येतोय हे कानाला सांगता येत नाही, म्हणून सबवूफर कुठंही ठेवला तरी चालतो असं म्हणतात, पण ते ज्या सेटमध्ये सबवूफर खरंच तेवढंच खालचं वाजवतो त्यालाच लागू आहे. म्हणून स्पीकरचा पडदा किती इंची ते विचारा, अडीच-तीन इंचाचा असेल तर माणसाचा आवाज बराचसा समोरूनच येतो, आणि दिवसभरात आपण जे ऐकतो त्यात माणसाचाच आवाज सगळ्यात जास्त असतो की नाही.

आता सबवूफर. यात तीन गोष्टी, पेटी, पडदा आणि भोक. पेटी एमडीएफची म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डाची असेल तर उत्तम, प्लास्टिकची असली की मोठ्या आवाजात स्वतःच थरथरते, बोटानं टकटक करून बघा, पोकळ टणटण आलं तर समजून जा. पडदा ४ इंची आणि साडेसहा इंची यात नुसता अडीच इंचाचा फरक दिसतो पण क्षेत्रफळ अडीच पटीपेक्षा जास्त होतं, तेवढी जास्त हवा हलते, म्हणून खालचे सूर ताण न घेता येतात. आणि भोक म्हणजे तो पोर्ट, त्याच्यासमोर तळहात धरला तर हवेचा झोत लागतो. पोर्टमुळे छोट्या पेटीतून जास्त बास निघतो हे खरं, पण स्वस्त सेटमध्ये तो एकाच सुराला फुगवतो, मग गाणं कुठलंही असो, खाली तोच एक धप्प.

हे ओळखायची माझी एक पद्धत आहे. मी लहानपणापासून तबला वाजवतो, त्यामुळे माझा कान तिकडेच जातो. डग्ग्यावर 'घे' वाजवून मनगटानं पुडीवर दाब देत नेला की सूर खालून वर सरकतो, तो घुमारा म्हणजे एक सूर नाही, तो वळतो. चांगल्या सबवूफरवर ते वळण स्पष्ट ऐकू येतं, सुरू कुठं झालं आणि हात कुठं थांबला इथपर्यंत. वाईट सबवूफरवर त्या वळणाच्या जागी नुसतं 'धम' येतं आणि पुढच्या बोलावर अजून एक 'धम'. माझ्या पहिल्या सेटवर मी स्वतः वाजवलेलं रेकॉर्डिंग लावलं आणि मला माझाच डावा हात ओळखता आला नाही, त्या दिवशी तो सेट बदलायचं ठरवलं. तुम्हाला तबल्यात गोडी नसेल तरी फोनमध्ये एक तबला सोलो घेऊन जा, लक्ष फक्त डग्ग्यावर ठेवा, दहा सेकंदात कळतं. डबल बास किंवा बास गिटारचा एखादा तुकडाही चालेल, सूर बदलताना बदललेला कळला पाहिजे एवढंच.

शक्यतो दुकानात ऐकूनच घ्या. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली, मुंबईत असाल तर ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोड, तिथं लावून दाखवतात. दुकानदार बासचा नॉब पूर्ण फिरवून त्याचं ठरलेलं डीजेचं गाणं लावेल, त्याला प्रेमानं सांगा की दादा नॉब मध्यावर आणा आणि माझ्या फोनवरून लावा. आधी बातम्या किंवा कुणाचं तरी भाषण लावायचं, सबवूफरच्या बाजूला उभं राहून ऐकायचं की शब्द खालून येतायत का. मग तबला. मग गाणं बंद करून आवाज पूर्ण वाढवायचा आणि कान स्पीकरजवळ न्यायचा, नुसती घूं किंवा सूं किती येते ते बघायचं, ही घूं रात्री शांत खोलीत फार त्रास देते आणि दुकानाच्या गोंगाटात ती कुणालाच ऐकू येत नाही. आणि बासचा नॉब वेगळा आहे ना ते नक्की बघा, काही सेटमध्ये तो नसतोच, काहींमध्ये सबवूफरच्या मागे असतो, मागे असला तरी चालेल पण नाहीच असं नको.

घूंवरून आठवलं. घरी आणल्यावर लॅपटॉप चार्जरला लावला की घूं येते आणि चार्जर काढला की जाते, असं झालं तर सेट खराब आहे असं लगेच समजू नका, तो बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ असतो, दोन्ही वस्तूंची अर्थिंग वेगवेगळ्या वाटेनं जाते आणि ऑडिओच्या वायरीतून फिरते. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानं थांबतं, नाही थांबलं तर ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते, साडेतीन एमएमच्या वायरीच्या मध्ये लावायची. पण काही लोक यावर उपाय म्हणून प्लगची वरची जाड पिन तोडतात किंवा अर्थिंग काढून टाकतात, ते कृपा करून करू नका, ती पिन जीव वाचवायला असते.

आता ठेवायचं कुठं. बहुतेक लोक टेबलाखाली अगदी कोपऱ्यात सरकवतात कारण जागा तिथं असते. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून बास फुगवतात, आणि तुमच्या १० फुटी अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर आणि १२ फुटी अंतरात ४७ च्या आसपासचा सूर आपोआप घुमतो, भिंतीभिंतींमधल्या अंतरामुळे, त्याला स्पीकर काही करू शकत नाही. म्हणून एक युक्ती करा. सबवूफर तुमच्या खुर्चीवर ठेवा, बास असलेलं गाणं लावा आणि टेबलाच्या आसपास खाली वाकून रांगत फिरा, जिथं बास सगळ्यात एकसारखा ऐकू येतो, फुगलेला पण नाही आणि गायब पण नाही, तिथं सबवूफर ठेवा. माझ्याकडे कोपऱ्यापासून दोन-अडीच फूट बाहेर, दोन्ही स्पीकरांच्या साधारण मध्ये अशी जागा सापडली, आणि नवीन काही न घेता अर्धा आवाज सुधारला. पोर्ट मागे असेल तर भिंतीपासून चार-सहा इंच तरी लांब. तरीही एखादा सूर फारच घुमत असेल तर विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात तेवढाच सूर ४-५ डेसिबल खाली घ्या.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर अजून एक गोष्ट. आमच्या खालचे काका एक दिवस वर आले आणि म्हणाले, अरे तुझं गाणं ऐकू येत नाही रे, पण तुमच्याकडे कुणीतरी उडी मारल्यासारखं सारखं वाजतं, काकूला झोप लागत नाही. मी आवाज फार मोठा ठेवत नव्हतो, मला खरंच वाईट वाटलं. खाली त्यांच्याकडे जाऊन बसलो आणि बायकोला फोन करून गाणं लावायला सांगितलं, तर खरंच छतातून धप धप येत होतं, शब्द एकही नाही. पेटी थेट फरशीवर होती आणि तिची थरथर स्लॅबमधून उतरत होती. मग व्यायामाच्या जाड रबरी चटईचे दोन तुकडे एकावर एक ठेवून त्यावर सबवूफर ठेवला, बासचा नॉब थोडा कमी केला, आणि परत खाली जाऊन ऐकून आलो. बरंच थांबलं. रात्री दहानंतर मी नॉब पूर्ण बंद करतो, दोन स्पीकरांवर ऐकतो.

नॉब किती ठेवायचा याचा माझा हिशोब असा, बास बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं, पण चालू असताना सबवूफर आहे याच्याकडे लक्ष जाऊ नये. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम ८०-९० टक्के ठेवा आणि कमीजास्त स्पीकरच्या नॉबनं करा, सूं कमी येते. ब्लूटूथ फोनवरून गाणी लावायला ठीक, पण गेमिंगला आणि पिक्चरला वायरच लावा, ब्लूटूथवर आवाज मागे पडतो, गोळी आधी सुटते आणि ठो नंतर. आणि स्पीकर कानाच्या उंचीला आणा, खाली दोन जाड पुस्तकं ठेवली तरी चालतात.

५ हजारात मी स्वतः घेतला असता तर २५-४० वॅट आरएमएस, लाकडी पेटी, ५ इंच किंवा मोठा पडदा, अडीच-तीन इंची स्पीकर, वेगळा बास नॉब, असा जो वाजवून बघताना बरा वाटेल तो. एलईडी लाइट, एफएम, रिमोट यांच्या नावानं पैसे देऊ नका, ते पैसे पेटीतून कापलेले असतात. आणि तुम्ही जास्त करून गायन, नाट्यसंगीत, पॉडकास्ट असंच ऐकत असाल तर सबवूफरचा हट्ट सोडून तेवढ्याच पैशात तीन-चार इंची पडद्याचे नुसते दोन चांगले स्पीकर मिळतात का ते पण ऐकून बघा, आवाज समोरून आणि एकसंध येतो, पिक्चरमधला स्फोट मात्र तेवढा पोटात जाणवणार नाही. तुमचं टेबल कुठल्या भिंतीला आहे आणि दार कुठं आहे ते खाली लिहा, सबवूफर आधी कुठं ठेवून बघायचा ते सांगतो.