बारा मीटरच्या नौकेवरचा संसार

मी समुपदेशक आहे. निवृत्तीनंतर दोघेच उरलेली जोडपी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो. ‘‘इतकी वर्षे सगळे सुरळीत चालले आणि आता निवांतपणा मिळाला तर रोज वाद होतात. म्हणजे आमचे मुळात जमतच नव्हते का?’’ पुण्यातल्या सदनिकांमधून मी हा प्रश्न असंख्य वेळा ऐकला आहे. एकदा मात्र तो दक्षिण प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातून, फाकारावा नावाच्या कंकणद्वीपावरून, म्हणजे मधल्या खाजणाभोवती कड्यासारख्या पसरलेल्या प्रवाळ बेटावरून आला. ती हकीकत दोघांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे लिहीत आहे.

पती व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. नातेवाईकही त्यांना ‘चीफ’च म्हणत, म्हणून मीही तेच नाव वापरते, पत्नीला ताई म्हणते. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, ती बातमी चीफनी जहाजावर वाचली होती आणि तेव्हापासून निवृत्तीनंतरचा बेत त्यांच्या मनात ठरलेला होता. ताईंनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. दोघांनी शिडाच्या नौकेचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले, कॅरिबियनमध्ये बारा मीटर लांबीची जुनी नौका विकत घेतली, पनामा कालवा ओलांडला आणि गॅलापागोसहून फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसास बेटांकडे शीड उभारले. हे अंतर सुमारे ३,००० सागरी मैलांचे आहे. व्यापारी वाऱ्यांच्या साथीने त्यांना २४ दिवस लागले.

पहिले सत्र माझ्या सकाळी साडेआठला, म्हणजे त्यांच्याकडे आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला झाले. ताई लहान होडीने एकट्याच गावात आल्या होत्या, कारण नौकेवर बोललेला शब्द दुसऱ्याच्या कानावर पडल्यावाचून राहत नाही. त्यांचे पहिलेच वाक्य होते, ‘‘मॅडम, मी ताहितीहून विमानाने घरी परत येऊ का, एवढेच सांगा.’’ त्यावर मी त्यांना विचारले, ‘‘तुम्हाला भीती कोणाची वाटते, समुद्राची की त्यांची?’’ हा प्रश्न मी अशा वेळी आवर्जून विचारते. माणूस एकाकी जागी असतो, पासपोर्ट आणि पैसे कोणाच्या हातात आहेत हे ठाऊक नसते आणि धाकदपटशा चालत असेल, तर नाते सांभाळण्याच्या गोष्टी बाजूला ठेवून आधी सुखरूप बाहेर पडण्याची व्यवस्था करावी लागते. ताईंनी बराच विचार करून उत्तर दिले, ‘‘त्यांची नाही. त्यांच्या आवाजाची.’’ पासपोर्ट त्यांच्याजवळच होता आणि बँकेचे व्यवहार तर आयुष्यभर त्यांनीच पाहिले होते.

हा आवाज पहिल्यांदा चढला तो मार्केसासमधल्या हिवा ओआ बेटाच्या ताहाउकू खाडीत. या खाडीत समुद्राच्या लांब लाटा आत शिरतात आणि जागा अपुरी असते, त्यामुळे नौका वळू नये म्हणून पुढून एक आणि मागून एक असे दोन नांगर टाकावे लागतात. २४ दिवस तीन-तीन तासांच्या पाळ्या करून दोघेही झोपेला पारखे झाले होते. चीफ सुकाणूवर होते, ताई पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीपाशी होत्या, मध्ये इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज होता आणि शेजारच्या नौकांवरचे लोक पाहत उभे होते. ‘‘सोड म्हटले की सोडायचे, विचार करत बसायचे नाही!’’ हे वाक्य सगळ्या खाडीने ऐकले. भाषा कोणाला कळली नसेल, पण सूर सर्वांना कळला. ताई त्यानंतर तीन दिवस कामापुरतेच बोलल्या. पुढे प्रत्येक नांगराच्या वेळी हेच घडत गेले. नौकेवरून भटकणाऱ्या जोडप्यांची सर्वांत मोठी भांडणे नांगर टाकताना होतात, हे त्या जगात इतके प्रसिद्ध आहे की सुकाणू आणि नांगर यांच्यामध्ये बोलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हेडफोनला तिथे गमतीने ‘लग्न वाचवणारे यंत्र’ म्हणतात.

दुसऱ्या सत्रात दोघे होते. मी त्यांना एक साधा हिशोब करायला सांगितला: अठ्ठावीस वर्षांच्या संसारात सलग एकत्र राहिलेला सर्वांत मोठा काळ किती? दोघांनी आठवून उत्तर दिले, चार महिने. चीफ जहाजावर असत तेव्हा घर, मुलांच्या शाळा, सासूबाईंचे आजारपण, सोसायटीची भांडणे, सारे ताई एकहाती सांभाळत. चीफ सुट्टीवर येत तेव्हा पाहुण्यासारखे राहत, कपाटातला टॉवेल कुठे आहे हेही त्यांना विचारावे लागे. म्हणजे जमिनीवरच्या घराच्या तांडेल ताई होत्या. नौकेवर आल्यावर एका दिवसात त्या खलाशी झाल्या आणि ही अदलाबदल कोणी बोलून ठरवली नव्हती. ‘आमचे मुळात जमतच नव्हते का’ या प्रश्नाला त्यामुळे मला उत्तर देता येईना, कारण जमते की नाही हे पाहण्याची वेळच त्यांच्यावर आधी आली नव्हती. निवृत्तीनंतर वाद वाढलेल्या बहुतेक घरांत मला हेच आढळते. प्रेम आटलेले नसते; कारभार कोणाचा, हे नव्याने ठरवायचे राहून गेलेले असते.

तरीही एवढ्याने त्या आवाजाचा उलगडा होत नव्हता. तो तिसऱ्या सत्रात झाला, आणि तोही मी विचारल्यामुळे नव्हे. ताई सहज म्हणाल्या, ‘‘यांचे सगळे आयुष्य समुद्रावर गेले, यांना सगळे माहीत आहे, मलाच काही येत नाही.’’ त्यावर चीफ बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘‘मी बत्तीस वर्षे इंजिनरूममध्ये काढली. समुद्र मी खिडकीतूनसुद्धा फारसा पाहिलेला नाही.’’ जहाज कुठे न्यायचे, हवामान कसे वाचायचे, नांगर कुठे टाकायचा, ही कामे डेकवरच्या अधिकाऱ्यांची. इंजिनिअरचा त्यांच्याशी थेट संबंध येत नाही. शिवाय जहाजावर हाताखाली माणसे असत आणि चूक झालीच तर ती सावरणारे कोणी असे. येथे रात्री वारा वाढला की नांगर घसरेल या धास्तीने ते तासातासाला उठत होते. फाकारावा ज्यात येते त्या तुआमोटू समूहाच्या कंकणद्वीपांत शिरताना तर त्यांचे हात थरथरत. लाटांनी खाजणात भरलेले पाणी एखाद-दुसऱ्या अरुंद तोंडाने वेगाने बाहेर पडत असते, म्हणून प्रवाह मंदावण्याची वेळ साधून आत जावे लागते. आत गेल्यावर पाण्याखालचे प्रवाळाचे खडक दिसावेत म्हणून सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असावा लागतो. या सगळ्याची त्यांना तितकीच भीती वाटत होती जितकी ताईंना; पण ‘चीफ’ने घाबरायचे नसते, म्हणून ती भीती आवाज चढवून बाहेर पडत होती.

ताईंना राग आला, आणि तो योग्यच होता. ‘‘मग मला सांगितले का नाही? मी तुमच्या भरवशावर खाली झोपत होते!’’ मी त्यांना तेथे थांबवले नाही. समुपदेशकाने घाईने समेट घडवून आणला की खरा राग पुढच्या बंदरापर्यंत लांबणीवर पडतो, असा माझा अनुभव आहे.

पुढचे काम बोलण्यापेक्षा शिकण्याचे होते, आणि त्यात माझा वाटा थोडा होता. चीफना बेशुद्धी आली किंवा ते पाण्यात पडले तर आपण काहीच करू शकणार नाही, ही ताईंची खरी भीती होती. ती भीती धीराच्या शब्दांनी जात नाही. शेजारच्या नौकेवरच्या एका अनुभवी बाईंकडून त्या नौका समुद्रात जागच्या जागी थोपवून धरणे, आणीबाणीचा रेडिओ संदेश देणे आणि पाण्यात पडलेल्या माणसाकडे परत वळणे शिकल्या. चीफही त्याच बाईंकडून साखळी प्रवाळात अडकू नये म्हणून तिला मोत्यांच्या शेतीतले टाकून दिलेले फुगे बांधून तरंगती ठेवायला शिकले. दोघे एकाच गुरूचे विद्यार्थी झाले, हे मला फार मोलाचे वाटते. भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी महिलांनी ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून दोघींनीच पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यामागे एकत्र घेतलेले दीर्घ प्रशिक्षण होते. आपल्या घरांत मात्र एकाला सगळे येते आणि दुसऱ्याने विश्वास ठेवायचा, अशी वाटणी आपण स्वाभाविक मानतो.

दोन नियम त्यांनी स्वतःच केले. शीड कमी करावे असे दोघांपैकी ज्याच्या मनात प्रथम येईल, त्याचे म्हणणे वाद न घालता मानायचे. आणि नांगर टाकताना ताई सुकाणूवर, चीफ साखळीपाशी, कारण साखळी उचलण्याला अंगबळ लागते आणि सुकाणूला लागत नाही. बोलायचे ते हातांच्या खुणांनी. फाकारावा ते ताहिती हा सुमारे अडीचशे सागरी मैलांचा, दोन रात्रींचा प्रवास ताईंच्या हुकमतीखाली झाला. पहिल्या रात्री चीफ त्यांच्या पाळीत तीनदा वर डोकावले. तिसऱ्यांदा ताईंनी त्यांना खाली जाऊन झोपायला सांगितले आणि ते झोपले, असे दोघांनीही मला वेगवेगळे कळवले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. ताईंना आईची आठवण येते, गप्पा मारायला कोणी नाही याचा त्यांना जाच होतो, आणि निळ्या पाण्याचे कौतुक दोन महिन्यांत संपते हे त्यांचे मत मला अगदी पटते. नोव्हेंबर ते एप्रिल हा दक्षिण प्रशांतातला चक्रीवादळांचा हंगाम असल्याने त्यांनी राईआतेआ बेटावरच्या एका यार्डात नौका जमिनीवर चढवून ठेवली आणि दोघे पुण्याला आले. मे महिन्यात टोंगाकडे निघायचे की नौका विकायची, हे ताई मार्चमध्ये सांगणार आहेत. ‘‘त्या काय म्हणतील असे तुम्हाला वाटते?’’ असे चीफनी मला दोनदा फोन करून विचारले. दोन्ही वेळा मी त्यांना सांगितले, की त्या शेजारच्या खोलीतच असतील, त्यांनाच विचारा.