महामार्गाला लागून प्लॉट पाडताना

प्रश्न : कराडजवळ पुणे-बंगळुरू महामार्गाला लागून आमची पाच एकर जमीन आहे. रस्त्याकडची बाजू १०० मीटर, खोली २०० मीटर. एन.ए. (बिगरशेती) करून घरांचे प्लॉट पाडायचे आहेत. आवाज अडवायला कडेने अशोकाच्या तीन रांगा पुरतील का?

उत्तर : नाही पुरणार. तीन रांगा म्हणजे फार तर सहा मीटरचा पट्टा. त्याने एक डेसिबलही धड उतरत नाही. पाच डेसिबल उतरवायचे तर बुडापासून झुडपांनी भरलेली, आरपार काही दिसणार नाही अशी ३० मीटर रुंद झाडी हवी. त्यात तुमचे तीस गुंठे जातील. धुळीसाठी, सावलीसाठी झाडं जरूर लावा, पण आवाजाचा हिशेब त्यांच्यावर मांडू नका.

नुसत्या अंतरानेही भागत नाही. वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज डांबर-फरशीवरून ३ आणि माती-गवतावरून सुमारे ४.५ डेसिबल उतरतो, एवढंच. समजा, रस्त्याच्या मध्यरेषेपासून २० मीटरवर ७५ डेसिबल भरले. मोकळ्या मातीवरून ४० मीटरवर ७०.५, ८० वर ६६, १६० वर ६१.५. तुमच्या मागच्या बांधाशीही ५९ च्या आसपास. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ आहे.

म्हणून आवाज सोसणारी बांधकामं पुढे आणि झोपण्याच्या खोल्या त्यांच्या आडोशाला, हाच खरा उपाय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतांनुसार मोकळ्या भागात मध्यरेषेपासून ४० मीटरवर इमारत रेषा (हिच्या अलीकडे इमारत नको) आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा (इथपर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण) असते. या रेषा रुंदीकरण आणि रस्त्याकडेची दाटी डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या आहेत. ७५ मीटर सोडले की घर शांत, असं समजू नका. ४० पर्यंत पार्किंग आणि झाडं ठेवा. त्यापुढे परवानगी मिळेल तिथे गाळे, गोदामं, शोरूम यांची सलग ओळ घ्या. दर्शनी लांबीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग भरला, तर ओळीमागे सुमारे ५ डेसिबलचा फरक पडतो. फटी बुजवून दुमजली ओळ केली, तर मागच्या तळमजल्यांना याहून बराच जास्त.

ही ओळ फुकट जाते ती बहुधा आतल्या रस्त्यामुळे. महामार्गापासून मागच्या बांधापर्यंत नाकासमोर सरळ रस्ता काढला की आवाज त्याच वाटेने आत शिरतो. प्रवेश सर्व्हिस रोडवरून, एका कोपऱ्यातून घ्या आणि गाळ्यांमागे रस्त्याला काटकोनात वळण द्या. ओळीमागे लगेच बैठी किंवा दुमजली घरंच ठेवा. चौथ्या मजल्याच्या खिडकीला गाळ्यांवरून रस्ता दिसतो, आणि जिथून रस्ता दिसतो तिथे आवाज पोचतोच. उंच इमारत हवीच असेल तर ती अगदी मागे घ्या. जिने, संडास-बाथरूम, स्वयंपाकघर रस्त्याकडे आणि शयनगृहं उलट बाजूला. रस्त्याकडे तोंड उघडं असलेली यू आकाराची इमारत टाळा, तिच्या चौकात आवाज घुमतो. प्लॉट पाडताना सोडायची दहा टक्के मोकळी जागा बरेचजण पुढच्या पट्टीत ढकलतात. तसं करू नका. म्हातारी माणसं आणि मुलं तिथेच बसणार-खेळणार असतात.

नकाशा काढण्याआधी चोवीस तासांचं मोजमाप करून घ्या. रात्रीचे ट्रक दुपारच्या अर्ध्या तासात सापडत नाहीत. चढ, गतिरोधक, चौक जवळ असेल तर तिथे वेगळं मोजा.

प्रश्न : आमचं घर बांधून झालंय, रस्ता २५ मीटरवर आहे. पाच फुटी कंपाउंडची भिंत वाढवून उपयोग होईल?

उत्तर : खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या दिसेनाशा होतील इतकी वाढली तर सुमारे ५ डेसिबल, त्यापुढे दर मीटरला साधारण दीड. नऊ इंची विटांची भिंत वजनाला भरपूर होते. कमी पडते ती उंची आणि लांबी. म्हणून दोन्ही टोकांना ती घराकडे वळवून घ्या. जाळीचं गेट असेल तर खाली फट न राहणारं भरीव पत्र्याचं बसवा. उंच भिंतीला पाया आणि परवानगी दोन्ही लागतात, जुन्या भिंतीवर विटा चढवू नका. वरच्या मजल्याला भिंतीचा उपयोग नाही. तिथे जाड काच, चौकटीला रबरी पट्टी आणि हवेसाठी मागच्या बाजूची खिडकी.