आधी गावातलं लिही

ब्लॉग सुरू केलास, आता 'वाचतं कोण?' म्हणून पहिल्याच महिन्यात हिरमुसू नकोस. माझ्या ब्लॉगवर पहिले सहा महिने मी, बायको आणि एक मावसभाऊ, एवढेच फिरकायचो. मावसभाऊ तर फोन केल्यावरच!

तू 'यशाची सूत्रं' लिहितोयस, ती गल्लोगल्ली मिळतात. सोलापुरात राहतोस ना? मग गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेवर लिही. पण 'भक्तिमय वातावरण' वगैरे नको. संक्रांतीला बाहेरून येणाऱ्याला सात नंदीध्वजांची (उंच, सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक कुठून बघायची, सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्यासाठी संमती कट्ट्याजवळ किती आधी पोचायचं, गाडी कुठे लावायची, हे हवं असतं. आणि ते सणाच्या दिवशी नाही, महिनाभर आधी टाक. गूगलला पान सापडायलाही वेळ लागतो.

शीर्षकाचं माझं हसं झालं होतं. 'आठवणींची शिदोरी, भाग ३' कोण शोधणार? तोच लेख 'कडक भाकरी किती दिवस टिकते?' असा केला आणि माणसं यायला लागली. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, ते ब्लॉगला जोडून घे. लोक काय टाइप करून तुझ्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. बरेचजण मराठी शब्दही इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, तेही तिथेच कळतं.

व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपवर लिंक फेकू नकोस, लोक म्यूट करतात. कुणी शेंगाचटणीबद्दल विचारलं की तेवढ्यालाच पाठव.

जाहिरातींचं वर्षभर नावही काढू नको. आठवड्याला एक लेख जमतोय का, तेवढं बघ.