दहा-बारा वर्षं जुना गेमिंग पीसी १२ हजारांत सुधारता येईल का, की नवीनच घ्यावा?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. आय५-४४६० प्रोसेसर, एच८१चा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच डीडीआर३ पट्टी, २ जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक कार्ड, १ टीबी हार्डडिस्क आणि १३६६ बाय ७६८चा जुना मॉनिटर. घर सोलापुरात नीलमनगरला, खाली लूम (यंत्रमाग). सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) आणि जीटीए ५ हे गेम अडकत चालतात, व्हॅलोरंट अर्ध्या तासानंतर झटके द्यायला लागतं. हातात १२ हजार आहेत आणि दुकानदार म्हणतोय, मदरबोर्डापासून सगळंच बदला.

सगळंच बदलू नका. १२ हजारांत मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम जेमतेम येईल, ग्राफिक कार्डाला काही उरणार नाही. त्यात २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की नवा सेट घ्यायला याहून वाईट वेळ नाही. मी एक साधा हिशेब धरतो: जी वस्तू उद्या दुसऱ्या पीसीत काढून लावता येईल, ती नवी घ्यायला हरकत नाही. जी या एच८१ बोर्डाबरोबरच भंगारात जाणार, तिच्यावर नवीचे पैसे घालायचे नाहीत. म्हणजे एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान साठवण) नवी, डीडीआर३ रॅम जुनी. कार्ड दोन्हीकडे चालतं, पण बजेट बघता तेही जुनंच घ्यावं लागेल.

पण एक रुपयाही खर्च करण्याआधी कॅबिनेट उघडा. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटलेले शब्द ‘अर्ध्या तासानंतर’ आणि ‘खाली लूम’ हे आहेत. सोलापूरच्या पूर्व भागातले आणि एमआयडीसीकडचे पीसी उघडले की साधी धूळ नसते, सुताचे तंतू असतात. ते पंख्यातून आत ओढले जातात आणि पंखा व हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्या यांच्या मधोमध जमतात, टर्किश टॉवेलचा तुकडा कापून बसवल्यासारखा थर. वरून पंखा फिरताना दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. खाली हवा मात्र जातच नाही. इंटेलचा हा प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःच वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो कार्ड जुनं झालं. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना तर विचारूच नका.

नुसता वरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, आणखी घट्ट बसतो. पंखा काढावा लागतो. इंटेलच्या स्टॉक कूलरला चार प्लॅस्टिकचे पाय असतात. त्यांच्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायचे. थर हाताने उचला, मग ब्रश, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहणारा लेप) सुकून खडूसारखी झालेली असणार, ती पुसून तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा थेंब नवीन लावा. बसवताना पाय समोरासमोरच्या जोडीने दाबायचे, प्रत्येकाचा टक्क आवाज आला पाहिजे. एक जरी पाय अर्धवट राहिला तर कूलर तिरका बसतो आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. कार्डाच्या पंख्यालाही हीच सफाई.

मग एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका (फुकट आहे), खेळताना कोपऱ्यात प्रोसेसर, कार्ड आणि रॅमचे आकडे दिसतील असं लावा आणि एक तास खेळा. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर आणि प्रोसेसर सत्तर टक्क्यांच्या आसपास असेल तर अडचण कार्डाची. चारही कोअर शंभरावर आणि कार्ड निवांत असेल तर प्रोसेसरची. तुमचा मॉनिटर ७६८चा आहे, त्यामुळे कार्डावर ताण मुळातच कमी पडतो. सीएस२मध्ये अडचण प्रोसेसरचीच निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

रॅम आणि एसएसडीचं पटकन सांगतो. एच८१ला रॅमचे दोनच स्लॉट असतात, तुमचा एक रिकामा आहे. ८ जीबीची दुसरी १६०० मेगाहर्ट्झची पट्टी टाकली की १६ जीबीही होते आणि ड्युअल चॅनलही (दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी डेटा) सुरू होतं. जुन्या आय५ला त्याचा फायदा झटके कमी होण्यात दिसतो. विकत घेताना एवढंच बघा की त्या पट्टीवर ‘फक्त एएमडीसाठी’ असं काही नाही. तशा स्वस्त पट्ट्या बाजारात भरपूर आहेत आणि इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत. एसएसडी अडीच इंची साटाचीच (केबलने जोडायची) घ्या, तुमच्या बोर्डाला एम.२चा (थेट बोर्डात बसणाऱ्या एसएसडीचा) स्लॉट बहुधा नाहीच. एच८१वर दोन साटा पोर्ट ६ गिगाबिटचे आणि बाकीचे ३चे असतात, एसएसडी ६वाल्याला लावा. तिने एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नाहीत, पण जीटीएमध्ये गाडी पळवताना समोरचा रस्ताच लोड व्हायचा राहतो ना, ते थांबतं.

आता कार्ड. इथे लोक लई फसतात.

दुकानात नवीन आणि स्वस्त म्हणून आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी पुढे करतील. नाही म्हणा. ही कार्डं वाईट नाहीत, तुमच्या बोर्डासाठी वाईट आहेत. ती फक्त चार लेन (कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या वाटा) वापरतात, आणि त्या पीसीआय ४.०च्या वेगाच्या धरून बनवलेली आहेत. तिथे सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो. एच८१चा स्लॉट पीसीआय २.०चा, त्यावर त्याच चार लेनमधून २ जीबीच जाईल. कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की बाकीचा माल याच वाटेने ये-जा करतो, आणि तिथेच खेळ गचके खातो. सोळा लेन वापरणारं कार्ड याच स्लॉटवर पुन्हा ८ जीबीला पोहोचतं.

म्हणून माझं मत जुन्या जीटीएक्स १६५० कडे. २०१९चं कार्ड, ४ जीबी, सोळा लेन, ७५ वॅट. बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही, स्लॉटमधूनच भागतं. तुमचा प्रोसेसर ८४ वॅटचा, म्हणजे सगळं मिळून अडीचशे वॅटच्या आत राहतं आणि आत्ता एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलायचा खर्च टळतो. आरएक्स ५८० ताकदीने पुढे आहे, मान्य. पण ते एकटंच १८५ वॅट मागतं, आठ पिनची केबल मागतं, आणि वर ‘५०० वॅट’ लिहिलेला लोकल एसएमपीएस त्याला झेपेल यावर मी पैज लावणार नाही. शिवाय सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद पडल्यावर रात्रंदिवस राबवलेली ५७० आणि ५८० कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यात ‘५८० २०४८ एसपी’ नावाचं एक आहे, ते नावाला ५८०, आतून जवळजवळ ५७०. जीटीएक्स १०६० चांगलं होतं, पण एनव्हिडियाने त्या पिढीचे नवे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवले. तुमच्या ७५० टीआयचेही तेव्हाच थांबले. १६५० पुढच्या पिढीचं, त्यामुळे नव्या ड्रायव्हरच्या यादीत अजून आहे.

एक छोटी गोष्ट, जी घरी आल्यावर डोक्याला ताप देते: तुमच्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर १६५०वर ते भोक बहुधा नसेल. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आधीच आणून ठेवा.

जुनं कार्ड चालू पीसीत लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. बायोस (कार्डातला मूळ प्रोग्राम) बदलून नाव खोटं दाखवणाऱ्या बऱ्याच कार्डांच्या नावापुढे ते सरळ ‘फेक’ लिहितं. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) पंधरा मिनिटं चालवा, स्क्रीनवर ठिपके, पट्टे किंवा काळोख आला तर हात जोडून निघा. नवी पेठेत आधी विचारा, पण जुन्या कार्डांना इथे पर्याय कमी मिळतात. पूर्व भागातल्या बऱ्याच घरांचे पाहुणे हैदराबादेत असतात. तुमचे असतील तर सिकंदराबादच्या पार्कलेनमधलं चेनॉय ट्रेड सेंटर त्यांना बघायला सांगा, तिथे निवड पुण्याइतकीच आहे आणि समोर लावून दाखवतात. कुरिअरने अनोळखी माणसाकडून मात्र नको.

प्रोसेसर शेवटी, तोही आकडे तसं म्हणाले तरच. याच सॉकेटमध्ये झिऑन ई३-१२३१ व्ही३ बसतो: चार कोअर, आठ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं), ८० वॅट, म्हणजे बोर्डावर जास्तीचा भार नाही. आय७-४७७० पेक्षा तो बऱ्याचदा स्वस्त पडतो. मदरबोर्ड कंपनीच्या पानावर तुमच्या मॉडेलच्या यादीत तो आहे का ते बघून घ्या. त्यात ग्राफिक्स अंगभूत नाही, त्यामुळे कार्ड काढलं तर स्क्रीन काळीच राहील.

विंडोज ११ जबरदस्तीने टाकायच्या भानगडीत पडू नका. आय५-४४६० मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, आणि ११वर व्हॅलोरंट टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (खात्रीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) मागतं, त्यामुळे चालणारा खेळही बंद पडेल. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, पण नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. या पीसीवर बँकेचे व्यवहार नकोत, ते मोबाइलवर करा.

तर क्रम असा: या रविवारी सफाई आणि पेस्ट, मग आकडे, मग एसएसडी आणि रॅम, आणि उरलेले, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे कार्डाला. ७५० टीआय फेकू नका, ज्याच्याकडे काहीच कार्ड नाही तो ते घेऊन जातो. आफ्टरबर्नरच्या स्क्रीनचा आणि एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेल्या लेबलचा फोटो इथे कमेंटमध्ये टाका. १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर दिसले पाहिजेत, मग कार्डाचं पक्कं सांगतो.