नोकरी सोडून बाळासाठी घरी थांबले आहे. दिवस संपतो, पण काहीच झालं नाही असं वाटतं. याची सवय होते का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: आठ वर्षांची नोकरी सोडून तीन महिने झाले, मूल १४ महिन्यांचं आहे, नवरा दिवसभर कामावर असतो आणि निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. तरी संध्याकाळपर्यंत चिडचिड होते, रात्री अपराधी वाटतं, आणि परत नोकरी धरावी का हा विचार पाठ सोडत नाही.

मी बाप आहे. कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होतो. मुलगी झाल्यावर बायकोने नोकरी चालू ठेवायची आणि मी घरी थांबायचं असं आमचं ठरलं. एक फरक आधीच सांगून ठेवतो. मुलीला कडेवर घेऊन मी बाहेर पडलो की लोक माझं कौतुक करतात. तेच काम करणाऱ्या आईकडे कोणी वळूनही बघत नाही. त्यामुळे मला काही गोष्टी सोप्या गेल्या असतील, तेवढी सूट धरून पुढचं वाचा.

सवय होते, पण आपोआप होत नाही. माझ्या मते नोकरीबरोबर आपण सगळ्यात मोठी गोष्ट गमावतो ती म्हणजे काम संपण्याची वेळ. पगार आणि ओळख जाते हे सगळेच सांगतात, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. कारखान्यात ठरलेल्या वेळेला पुढच्या शिफ्टचा माणूस यायचा. कुठलं मशीन त्रास देतंय, कुठली ऑर्डर अर्धी राहिली आहे, ते त्याला सांगायचं, रजिस्टरमध्ये सही करायची आणि निघायचं. अर्धं राहिलेलं काम अर्धंच असायचं, पण उद्या सकाळपर्यंत ते माझं नसायचं. घरी ते काम ताब्यात घ्यायला कोणी येत नाही. शिवाय केलेलं काम दिसत नाही. आवरलेली खोली तासाभरात पुन्हा विस्कटते, धुतलेले कपडे पुन्हा मळतात. 'काहीच झालं नाही' असं वाटतं ते यामुळे. काम झालेलं असतं, फक्त ते दाखवायला संध्याकाळी हातात काही उरत नाही.

अशा वेळी सल्ला मिळतो तो वेळापत्रक करण्याचा. १४ महिन्यांच्या मुलाच्या बाबतीत मला तो सल्ला निरुपयोगी वाटतो. या वयात दिवसाच्या दोन झोपांची एक व्हायला लागते. साधारण १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान कधीतरी हा बदल होतो आणि तो चालू असताना एक दिवस दोन झोपा, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचलाच मूल पेंगलेलं, असं चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून ११ ते १४ तास झोप हवी. हा एकूण आकडा जमतोय का तेवढं पाहा, घड्याळाचे काटे जुळवत बसू नका.

आणि तुम्ही लिहिलंय की बाथरूमचं दार लावलं तरी मूल आकांत करतं. आपलं माणूस दूर गेल्याची ही भीती साधारण आठव्या महिन्याच्या आसपास सुरू होते आणि दीड वर्षापर्यंत बरीच तीव्र असते. आई नजरेआड गेली तरी कुठेतरी असते हे त्याला कळायला लागलेलं असतं, पण ती 'दोन मिनिटांत येते' म्हणजे कधी येते, हे कळण्याइतकी वेळेची समज अजून आलेली नसते. म्हणजे मुलाच्या वाढीतल्या नेमक्या अवघड काळात तुम्ही नोकरी सोडली आहे. या तीन महिन्यांवरून पुढच्या तीन वर्षांचा अंदाज बांधू नका.

दिवसाच्या झोपेबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे: मूल झोपलं की घरकाम करायचं नाही. भांडी, कपडे, झाडलोट हे सगळं ते जागं असताना, त्याच्यासमोर, दुप्पट वेळ लावून करा. या वयाच्या मुलाला कपडे एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत टाकणं हा खेळच वाटतो. झोपेचा तास तुमचा. घर थोडं अस्ताव्यस्त राहील, राहू द्या.

आता मुख्य मुद्दा, संध्याकाळचा. नवरा घरी येतो तेव्हा दोघंही थकलेले असतात आणि कोण जास्त थकलं यावरून भांडणं होतात. तो वाद कोणी जिंकत नाही. आम्ही कारखान्यातली हँडओव्हरची पद्धत घरी आणली. बायको आली की तिला थोडा वेळ पूर्ण मोकळीक: कपडे बदलायचे, शांत बसायचं, कोणी काही विचारायचं नाही. मग दोन वाक्यांत मी सांगतो की झोप किती झाली, खाणं झालं का, आज कशावरून रडारड आहे. त्यानंतर मुलगी तिची. मी खोलीतून, शक्य असेल तर घरातूनच, बाहेर. त्या वेळात मी दुरून सूचना देत नाही. हे सगळ्यात कठीण आहे, कारण दिवसभर मुलाबरोबर राहणाऱ्याला प्रत्येक गोष्टीची 'बरोबर' पद्धत माहीत झालेली असते आणि समोरचा उलटा लंगोट बांधत असतो. बांधू द्या. तुम्ही दर वेळी मध्ये पडलात तर तो कायम मदतनीसच राहील आणि मुख्य जबाबदारी चोवीस तास तुमच्याकडेच राहील.

रोज हे जमलं नाही तर आठवड्यातून एक सलग अर्धा दिवस तरी ठरवा. तो मागून मिळालेला नको, कॅलेंडरवर लिहिलेला हवा. पहिले काही अर्धे दिवस दोघांनाही त्रासाचे जातील, मूल रडेल, तुम्ही लवकर परताल. तरी सोडू नका.

शिवाय कामं वाटताना लक्षात ठेवण्याचं ओझंही वाटा. लसीची तारीख, छोटे झालेले बूट, संपत आलेलं औषध, हे सगळं एकाच्याच डोक्यात असेल तर दुसऱ्याने केलेलं काम अर्धंच काम असतं. एखादी गोष्ट द्यायची तर पूर्ण द्या. लसी त्याच्याकडे म्हणजे तारीख लक्षात ठेवण्यापासून डॉक्टरांकडे नेऊन आणण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे, तुम्ही आठवणही करायची नाही.

पैशाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, 'मागायला लाज वाटते'. ती ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मागावं लागतं याचा अर्थ तुमची व्यवस्थाच चुकलेली आहे. घरी येणारा पगार दोघांच्या खात्यात जमा व्हावा, घरखर्च त्यातून जावा आणि दोघांनाही हिशेब न देता खर्च करायला सारखी रक्कम मिळावी. तुमची निवृत्तीची बचत नोकरीबरोबर थांबली असेल, ती थोड्या रकमेने का होईना, तुमच्या नावावर चालू करा. विमा फक्त कमावणाऱ्याचाच काढायचा असाही गैरसमज असतो. उद्या तुम्ही आजारी पडलात तर तुमचं काम पगारी माणसाकडून करून घेताना किती खर्च येईल, ते एकदा कागदावर मांडून नवऱ्याला दाखवा.

हा हिशेब काही मी शोधून काढलेला नाही. अर्थतज्ज्ञ मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्येच एक साधी कसोटी मांडली होती: घरातलं जे काम पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येतं, ते उत्पादक काम. त्या कसोटीवर तुमचा जवळजवळ सगळा दिवस बसतो. तरीही देशांचं राष्ट्रीय उत्पन्न मोजताना घरच्यांनी घरच्यांसाठी केलेला सांभाळ आजही धरला जात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात ६४ देशांतल्या अशा बिनपगारी कामाचा अंदाज रोजचे १६.४ अब्ज तास असा दिला आहे आणि त्यातलं ७६.२ टक्के काम बायका करतात. हे वाचून तुमची चिडचिड कमी होणार नाही, पण लाज थोडी कमी व्हायला हरकत नाही.

माणसांबद्दल थोडक्यात. दिवसातून एकदा तरी मोठ्या माणसाशी मुलाव्यतिरिक्त विषयावर बोला, फोनवर का होईना. जुन्या ऑफिसातल्या एखाद्या मैत्रिणीशी संपर्क ठेवा, पण तिथल्या घडामोडी रोज ऐकत बसू नका, त्याने तळमळ वाढते. आणि मुलाशी खेळताना कंटाळा येतो म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. तोच ठोकळा तिसाव्यांदा पाडताना कोणालाही कंटाळा येतो. मुलावरच्या मायेशी त्याचा काही संबंध नाही.

एक गोष्ट मात्र 'सवय होईल' म्हणून सोडून देऊ नका. दोन आठवडे किंवा जास्त काळ दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल, आवडीच्या कशातच रस वाटत नसेल, मूल झोपलं असूनही तुम्हाला झोप येत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर थांबू नका, त्याच दिवशी जा आणि तोवर एकट्या राहू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य फक्त पहिल्या काही आठवड्यांत येतं असं नाही, ते पुढेही टिकू शकतं, आणि बापांनाही येतं. ते ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिंबरा नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. भरायला पाच-दहा मिनिटं लागतात. डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

राहिला प्रश्न परत नोकरीचा. संध्याकाळचा हँडओव्हर आणि पैशाची व्यवस्था आधी लावा, दोनेक महिने तसं चालू द्या, आणि मग नोकरीतलं नेमकं काय आठवतं त्याची यादी करा. येण्याजाण्यातला निवांत वेळ, जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा, स्वतःचे पैसे, नीट कपडे घालून बाहेर पडणं, अशा गोष्टी यादीत असतील तर त्यातल्या बऱ्याचशा घरी राहूनही मिळवता येतात. मला मुख्यतः याच आठवायच्या, म्हणून मी थांबलो. पण तुम्हाला खुद्द काम आठवत असेल, म्हणजे अडलेला प्रश्न सुटल्याचा आनंद, आपल्या विषयातली हातोटी, तर त्याला घरात पर्याय नाही. मग सांभाळण्याची दुसरी सोय बघून परत जा. अर्धवेळ मिळत असेल तर आधी ती बघा, पण अर्ध्या पगारात पूर्ण काम गळ्यात पडत नाही ना, ते सही करण्यापूर्वी विचारून घ्या.